आखाजीआधीचे पाणी

११ एप्रिल १९५४
सकाळी दोंडाईच्याला उतरलो. पुढे बैलगाडीने चार तास. शेवटच्या चढावर झुलाल आबांनी बैल थांबवले आणि तळे दिसले. चैत्रात एवढे पाणी! मी हसलो असेन, कारण आबाही हसले. म्हणाले, "साहेब, पानी मोजाले उनात का पेवाले?" मोजायलाही आलो आणि प्यायलाही, म्हणालो.
चावडीशेजारची खोली मिळाली. शेजारच्या भिकुबाई डबा देणार आहेत. कळण्याची भाकरी, लसणाची चटणी. वच्छला गेल्यापासून आज प्रथमच पोटभर जेवलो.

१४ एप्रिल
आबांच्या तराफ्यावरून मोजणी. पसारा नव्वद एकर, आकार बशीसारखा, मधोमध खोली नऊ फूट. पश्चिमेला काळ्या दगडाची लांब, अरुंद भिंत. ती कोणी बांधलेली नाही. कधीकाळी जमिनीच्या भेगेतून वर आलेला तप्त रस तिथेच थिजला. तिच्यामुळे पाणी अडते. तळाचा चिकण गाळ ते सावकाश झिरपू देतो. तीन गावांच्या विहिरी त्यावर गोड राहिल्या आहेत.
काठाला पाणकणसे, त्यांत पाणकोंबड्यांची घरटी. कमळपक्षी पानांवरून असे चालतात की पान भिजत नाही.
अहवालाच्या मसुद्यात शेवटी लिहिले : हे तळे राखावे.

१९ एप्रिल
कार्यालयाचे पत्र. भिंतीच्या सखल जागी चर खणून पाणी नाल्यात सोडावे. पावसाआधी तळाची जमीन मोजावी. कपाशीला उत्तम.
मसुदा घडी घालून पेटीत ठेवला.
आबा आले. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तेवढी होऊ द्या म्हणाले. इथे मेलेल्यांच्या नावाची घागर तळ्याच्या पाण्यानेच भरतात आणि पूजेनंतर ती भरलेली तळ्यात सोडतात. वर्षभर त्यांची तहान त्यावर भागते. सोळाच दिवस मागत होते. मी म्हणालो, हुकूम आहे.
हे शब्द मी जानेवारीतही उच्चारले होते. शस्त्रक्रियेनंतर वच्छला पाणी मागत होती. डॉक्टरांनी मना केले होते. आवाज गेला तेव्हा ती रिकाम्या पेल्यावर बांगडी वाजवू लागली. हुकूम आहे, असे मी तिला सांगितले. उजाडता ती गेली.
भिकुबाईंनी विचारले, यंदा घरी बायकोच्या नावाची पहिली घागर असेल, जाणार ना? मी तसले मानत नाही, असे सांगितले. त्या डबा उचलता उचलता हसल्या. "मंग तुमनी कोन भरी?"

२४ एप्रिल
चर वाहू लागला. पहिल्या दिवशी उतार चार इंच. सगळे गाव काठावर बसून होते.
संध्याकाळी कमळपक्षी उठले. दोन घिरट्या घातल्या आणि गेले.

२८ एप्रिल
तळ उघडा पडतो आहे. गाळात घागरी. शेकडो, सगळ्यांची तोंडे वर. भोवतीचा गाळ तडकला आहे, पण घागरी काठोकाठ भरलेल्या.
दुपारी पुन्हा गेलो. रिकाम्या. नोंदवहीत लिहिले : उन्हाने.
जवळच्या तीन घागरी वाकून पाहिल्या. प्रत्येकीच्या काठावर ओठांएवढी जागा ओली होती. हे नोंदवहीत लिहिले नाही.

३० एप्रिल
उतार चराच्या हिशेबात बसेना, म्हणून काल चर बुजवला. दगड, माती, वर पुन्हा दगड. एक थेंब बाहेर जात नाही.
तरी आजचा उतार चौदा इंच.
आबांना मोजपट्टी दाखवली. त्यांनी ती पाहिलीही नाही. "बठ्ठा येतस पेवाले," सगळेच येतात प्यायला, एवढेच म्हणाले. मग विचारले, तुमचे कोणी गेलेले आहे का त्यांत.


२ मे
विहिरी आटल्या. गाव नदीकडे निघाले. भिकुबाईंनी जाताना त्यांच्या माठातले उरलेले पाणी माझ्या माठात ओतले. आबा गाडी घेऊन दारात थांबले होते. मी नाही गेलो.
भर दुपारी गाळावर पावले उमटलेली. सगळी आत जाणारी. बाहेर येणारी —

३ मे
सकाळी माठ भरलेला. दुपारी अर्धा. मी प्यायलो नव्हतो.
मसुदा काढला. हे तळे राखावे. अक्षर माझेच आहे. पाठवायचा तर न्यायला गावात माणूस नाही.

४ मे
तळे संपले. पावले आता चावडीपर्यंत.
त्यांत एक लहान. डावा पाय किंचित ओढणारे. तसे वच्छलाच चालायची —

५ मे
आखाजी. गाळातली एक घागर आणली. माठात पेलाभर पाणी होते. ते घागरीत ओतले. वच्छलाचे नाव घेतले, मोठ्याने. जानेवारीनंतर प्रथमच.

दुपार. पेल्यावर बांगडी.

दार उघडले. ती एकटी नाही. तिच्यामागे थेट तळ्यापर्यंत — उन्हात उभे — बायका, म्हातारे — कोणी ढकलत नाही. वाट पाहतात.

घागरीतून पेला भरून तिच्या हातात दिला. तिने ओठाला लावला नाही. मागच्या म्हातारीला दिला. तिने तिच्यामागच्याला —

घागर रिकामी. पुन्हा बांगडी.

सांगितले, नाही उरले. ती ऐकते. माझ्या डोळ्यांकडे पाहते आहे. ते अजून ओले आहेत. एवढेच काय ते ओले —

हुकूम नाही आता. या वेळी नाही म्हणणार नाही. वच्छला, ये, हे