तटस्थ राष्ट्रातला जिताडा

शनिवार, ८ नोव्हेंबर

अखेर स्थळनिश्चिती झाली! उभय कुटुंबांची प्रथम भेट यवनदेशीय मत्स्यभोजनालयात होईल. ('यवन' हा शब्द मूळचा ग्रीकांसाठीच. तो शास्त्रशुद्ध अर्थाने वापरण्याचा योग आयुष्यात प्रथमच आला.) गंगापूर रोडवर हे नुकतेच उघडले आहे. पांढऱ्या भिंती, निळी दारे आणि नावाची पाटी ग्रीक लिपीत — कोणालाच वाचता येत नाही, म्हणून सर्वांनाच प्रतिष्ठित वाटते.

कारणमीमांसा नोंदवून ठेवतो. कन्या आभा विंचूरला द्राक्षासवाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ. तेथील यंत्रे सांभाळणारा ललित तिच्या मनात भरला आहे. घर मखमलाबादचे, फुलशेती — शेवंती, गुलाब. वडील भिमाजीराव, आई ठमाबाई. आमचे घराणे त्र्यंबकच्या उपाध्यायांचे. थोरला चुलतभाऊ अद्याप तेथे श्राद्धे चालवतो, मी विमा कार्यालयात दावे निकाली काढतो. म्हणजे दोघेही मरणोत्तर सेवेतच!

आता भेटायचे कोठे? आमच्या घरी बोलवावे, तर वरणभातावर त्यांची बोळवण होणार. ते बिचारे मटणभाकरीचे लोक! त्यांच्या घरी जावे, तर आमची उपासमार. म्हणून तटस्थ राष्ट्र निवडले. तेथे त्यांना मासा, आम्हाला ऑलिव्ह. स्वतःच्या औदार्याने क्षणभर सद्गदित झालो.

आभा फोनवर म्हणाली, "बाबा, तिथे नको. साधं डोसा-बिसा खाऊ कुठेतरी. ऐका ना, ललितकडे—"

मी वाक्य पूर्ण होऊ दिले नाही. खर्चाचा संकोच, दुसरे काय! पितृत्व हे असे निर्णायक असावे लागते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

भिमाजीरावांशी दूरध्वनीवर बोलणे झाले. "शनिवार नको साहेब, रविवारी ठेवा." शनिवारी फुलबाजाराची गर्दी असावी. मान्य केले. मासे चालतील ना, असे विचारणे अशिष्ट वाटले. न चालायला काय झाले?

मालिनी: "अहो, पण तो वास?"

रुमालाला कापूर लाव, म्हटले. साम्राज्ये याहून मोठ्या त्यागांवर उभी राहिली आहेत.

"तुम्ही काय लावणार?"

मी वैचारिक बैठक लावणार.

सोमवार, १७ नोव्हेंबर

कालचा वृत्तान्त. काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो.

आभा आणि ललित विंचूरहून परस्पर येणार होते. रविवारी तेथे पर्यटकांची झुंबड, त्यामुळे उशीर ठरलेलाच. आम्ही चौघे वडीलधारे वेळेवर. भिमाजीराव शुभ्र शर्टात, गळ्याचे बटण आवळून लावलेले. ठमाबाईंनी पदर गळ्याभोवती असा लपेटला होता की जणू त्र्यंबकची थंडी गंगापूर रोडवर उतरली. मी दोन्ही गोष्टी ग्रामीण संकोच म्हणून सोडून दिल्या. मनुष्यस्वभावाचा माझा अभ्यास दांडगा आहे.

एवढ्यात अमित नावाचा सेवक (नाव छातीवर लिहिले होते) बर्फाने भरलेले तबक घेऊन अवतरला. बर्फावर अखंड जिताडा. डोळा उघडा.

"सर, एकदम फ्रेश. सिलेक्ट करा, की लगेच ग्रिलला टाकतो."

येथे म्हणे मासा आधी दाखवतात, पाहुण्याने पसंत केला की मग भाजतात. प्रथा ओळखीची वाटली. आमच्याकडे पोहे देऊन हेच करतात!

"भिमाजीराव, आपण निवडावा."

"नाय नाय साहेब. तुमच्या पसंतीनं होऊ द्या."

"छे, छे! अतिथी आपण."

"आमचं काय, आम्ही कायपण खाऊ. तुम्हाला आवडतो तोच घ्या."

जो दाखवायला आणला होता, त्याच्याकडे मात्र कोणीच पाहत नव्हते. मी छताकडे, भिमाजीराव मिठाच्या बाटलीकडे, ठमाबाई स्वतःच्या मांडीकडे. मालिनी तर कापरात समाधिस्थ. शेवटी मी डोळे मिटून तर्जनी पुढे केली.

"मस्त चॉइस, सर," अमित म्हणाला.

यथावकाश तो परत आला — मस्तकापासून पुच्छापर्यंत अखंड, लिंबाच्या फोडींनी वेढलेला, अंगावर तेल चमकत होते. मेजाच्या मध्यभागी त्याची प्रतिष्ठापना झाली. मालिनीने धीर एकवटला. "घ्या ना, ठमाताई."

"तुम्ही आधी घ्या, ताई."

"आम्ही... आम्ही नंतर घेऊ."

आग्रहाच्या भरात ठमाबाई पुढे वाकल्या. पदर सरकला. गळ्यात तुळशीची माळ!

"अगं बाई! तुम्ही माळकरी?"

"यांच्या आज्यापासून. घरात अंडंसुद्धा येत नाय."

"मग इथं कशाला आलात हो?"

"तुमच्यासाठी! म्हटलं, शहरातली मोठी माणसं, आता समदं खातेत. पाहुण्यांनी इतक्या हौसेनं बोलावलंय, मन कशाला मोडा? माळ दिसली तर तुम्हाला घास गोड लागायचा नाय, म्हणून हे बटण लावून बसले. ललित सांगतो म्हणत होता तुम्हाला, यांनी त्याला दम दिला — एक शब्द बोलायचा नाय, आभालापण बोलू द्यायचं नाय."

"आणि आम्ही तुमच्यासाठी आलो!" मालिनीने कापराचा रुमाल पुराव्यादाखल पुढे केला. नंतर माझ्याकडे वळून, अत्यंत सौम्यपणे: "मटणभाकरीचे लोक, नाही का हो?"

भिमाजीरावांनी गळ्याचे बटण हळूच सोडले आणि मोकळा श्वास घेतला. तेव्हा कोठे मला शनिवारचे कोडे उलगडले. एकादशी होती! उपाध्यायांच्या वंशजाने पंचांग उघडले नाही आणि फुलबाजाराचा शोध लावला!

आधी कोण हसले, आठवत नाही. ठमाबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या, भिमाजीराव मेजावर थापा मारत होते. चार शाकाहारी जीव आणि मध्ये तो जिताडा, एका डोळ्याने सर्वांची हजेरी घेणारा. त्या घटकेला मी हे लग्न मनातल्या मनात लावूनही टाकले. अक्षता तेवढ्या राहिल्या.

तेथेच यवनिकापतन व्हायचे, तर मुले आली.

"सांगत होते ना मी!" आभा मला म्हणाली. ठमाबाई हळहळल्या. "आता याचं काय करायचं गं पोरी? जीव गेला बिचाऱ्याचा, आणि वायापण जायचा."

आभाने क्षणभर ललितकडे पाहिले. मग ओढणी मागे टाकली आणि ताट स्वतःकडे ओढले.

सुरीने पाठीवर एक रेघ. साल बाजूला. आणि कणा, सगळे काटे अंगावर घेऊन, एका ओढीत अलगद बाहेर! ही नवशिक्याची हातोटी नव्हे. माझी कन्या, जिला बालपणी पडवळाची बी दिसली तरी घास घशाखाली जात नसे! ललितने न मागता फोड उचलली आणि तिच्या ताटात लिंबू पिळले, बिया बोटांनी अडवून. स्वतः कणभरही तोंडात घातले नाही. पाव आणि ऑलिव्ह खात राहिला. यावरून एवढे स्पष्ट झाले, की हे दोघांचे पहिले असे जेवण नव्हते.

मेजावरचे हसू कधी थांबले, कळले नाही.

निघताना भिमाजीरावांनी हात जोडले. "पोरगी लाखात एक हे, साहेब. पण आमचं घर माळेचं. सून म्हटल्यावर... विचार करून कळवतो."

कळवतो! हे वाक्य, याच नम्र स्वरात, मी बोलण्यासाठी पाठ करून गेलो होतो!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

फोन नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

त्र्यंबकच्या दादाला वार्ता कशी पोहोचली, देव जाणे. प्रथम हसला. "शाम्या, फुलवाल्यांनी तुझी मुलगी भ्रष्ट म्हणून नाकारली? आपल्या घराण्यात हे नवीनच हो!" मग व्यवसायावर आला: एक छोटेसे प्रायश्चित्त करून टाकू, पंचगव्य देऊ, आणि तिने सोडले असे त्या मंडळींना सांगू. "सोडलं का नाही, कोण बघायला बसलंय?"

योजना निर्दोष वाटली. आभा विंचूरहून घरी आल्यावर तिच्यासमोर मांडली.

"कधीपासून चालू आहे हे?"

"नोकरी लागल्यापासून. पाहुण्यांना वाईन चाखायला देतो, त्यासोबत असतं. आवडलं."

"मग आता सोड. निदान सोडले असे म्हण."

"बाबा, ललितनं आजवर एकदाही म्हटलं नाही, सोड म्हणून. मी खोटं सांगून त्या घरात जाणार नाही. रोज तुळशीसमोर उभं राहून काय लपवू? नाही म्हणाले, तर नाही."

आत गेली. दार आपटले नाही. आपटले असते तर बरे वाटले असते. ताट झाकून ठेवले होते, ते तसेच राहिले. मालिनी माझ्याशी केवळ क्रियापदांत बोलते: या. जेवा. झोपा.

रविवार, २३ नोव्हेंबर

मखमलाबादला जाऊन आलो. एकटाच, कोणालाही न सांगता. दादाची योजना मी माझ्या अंगावर घेतली होती; खोटे मी बोलायचे, आभाची वाचा शुद्ध राहील. वाक्यही सिद्ध होते: "कन्येने स्वेच्छेने मत्स्याहाराचा परित्याग केला आहे." रस्ताभर घोकले. निर्दोष वाक्य!

ओसरीवर शेवंतीचा ढीग. ठमाबाई देठ खुडत बसलेल्या, भिमाजीराव टोपल्या बांधत. माळ आज मोकळी, शर्टाच्या बाहेर. चहा आला. भिमाजीराव म्हणाले, "बोला साहेब."

मी घसा साफ केला. ठमाबाईंनी मान वर केली. "आधी हे सांगा, पोरगी जेवती ना नीट? ललितनं तर चार दिस ताटाला हात लावला नाय."

आणि वाक्य गेले. कर्ता, कर्म, सगळे गेले.

"जेवत नाही," मी म्हणालो. "मासे सोडणार नाही म्हणते. खोटं बोलणार नाही म्हणते. मीच खोटं बोलायला आलो होतो. ते जमत नाही. पण तुमच्या ललितनं त्या दिवशी न मागता लिंबू पिळलं, ते मी पाहिलं."

शेवंतीचा देठ तुटल्याचा आवाज येतो, हे मला आजवर ठाऊक नव्हते.

"मीपण पाहिलं," ठमाबाई म्हणाल्या.

भिमाजीराव मळ्याकडे पाहत राहिले. "पाहू."

"पाहू काय पाहू! आठ दिस पाहूच चाललंय तुमचं. मळा हाय का दुर्बीण?"

येताना त्यांनी शेवंती बांधून दिली. होकाराची की सांत्वनाची, ते फुलांवर लिहिलेले नसते. मालिनीने कोठून आणली विचारले, सांगितले. सगळी फुले देवाला न वाहता तिने थोडी आभाच्या खोलीत नेऊन ठेवली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

फोन नाही. कार्यालयात एक गृहस्थ आले होते. दावा बरेच दिवस अडकलेला. "साहेब, कळवताय ना?" असे अजीजीने विचारत होते. मी प्रथमच त्यांना खुर्ची दिली आणि कागद आजच्या आज पुढे सरकवला.

रविवार, ३० नोव्हेंबर

ललितने आभाला छायाचित्र पाठवले, तिने आम्हाला दाखवले. मळ्यात, शेवंतीच्या वाफ्यापलीकडे, घरापासून बेताच्या अंतरावर, नवी लिंपलेली चूल. शेजारी वेगळी कढई, वेगळा तवा. चुलीलगत भिमाजीराव खड्डा खणताहेत. खड्ड्याकाठी लिंबाचे रोप.

खाली ठमाबाईंचा आवाज, रेकॉर्ड केलेला. मागे कोंबडा आरवतो आहे.

"आभा, ऐक. माळ घरात ऱ्हाईल, तुझा मासा भाईर. वर पत्रा टाकायला लावलाय मी यांना. पावसाचं पोरीनं भिजत का जेवायचं?"