एक दात मागे

निइगाता, ४ जून १९९६

ती. कायोताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू धाडलेली सुकी मासळी पोचली. दोन दिवस खोलीला आपल्या घराचा वास होता. आईला आता फक्त उजेड-अंधार कळतो, हे वाचलं आणि लगेच रजेचा अर्ज टाकला.

यंदा ओबोनच्या सणाला येतो आहे. पण येईन तर बाबांच्या त्या जुन्या पांढऱ्या गाडीनंच. बाबांचं गॅरेज मी सांभाळणार नाही, असं सांगून ती घेऊन निघालो, तेव्हा ही गाडी तुला वर्षभरही साथ देणार नाही, असं बाबा म्हणाले होते. सात वर्षं झाली. आता मात्र व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट झिजलेत, ते धड उघडत नाहीत आणि तसले शाफ्ट आता कुणी बनवत नाही. भंगारवाल्याकडे त्याच घराण्यातलं, पुढच्या पिढीचं इंजिन मिळालंय. त्याचे शाफ्ट आपल्या इंजिनात बसतात म्हणे. काय सांभाळायचं, ते बाबांना विचारशील? माझं नाव काढू नकोस. गिऱ्हाईक विचारतंय म्हण.

आईला नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
तात्सुरो


हामादा, १५ जून

चि. तात्सुरो,
अ. उ. आ.

ओबोनला पितरसुद्धा न चुकता घरी येतात, तूच तेवढा सात वर्षं येत नाहीस. निइगाताहून इकडे आगगाड्या येतात, हेही तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. असो. हा हट्ट कुणाकडून आलाय ते मला ठाऊक आहे. तो माणूस माझ्यासमोर बसून चहा पितोय.

गिऱ्हाईक विचारतंय म्हटलं. बाबांनी पाना खाली ठेवला आणि विचारलं, की ते गिऱ्हाईक अजून डावरंच आहे का, आणि बोल्ट अजून एका टोकापासूनच आवळत सुटतं का. मग आपणहून सांगत बसले. बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे आवळायचे. इंजिन गार असताना व्हॉल्व्हच्या सोळाही फटी मोजायच्या आणि त्याप्रमाणे चकत्या बदलायच्या. पट्ट्याचे दात जुळवताना पुलीवरच्या खुणेवर विसंबायचं नाही, नव्या शाफ्टची पिन वेगळ्या जागी असते. हे त्या गिऱ्हाइकाला दोनदा सांग, असं म्हणाले. म्हणून दोनदा सांगते, खुणेवर विसंबू नकोस.

आई संध्याकाळी फाटकाशी बसते. चढावरची प्रत्येक गाडी आवाजावरून ओळखते. हा तांदूळवाला, हा पोस्टमन. तुझ्या गाडीचा आवाज तिला पाठ आहे, तोच ऐकायला ती बसते. नव्या शाफ्टनं तो बदलेल ना रे? टेपवर भरून पाठव. जपून राहा.

तुझी,
कायोताई


निइगाता, २० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीन रविवार गेले, पण शाफ्ट बसले. बोल्ट मधूनच आवळले, सांग गिऱ्हाइकाच्या गुरूला. उभ्या गाडीत इंजिन जरा धापा टाकतं, नव्या शाफ्टचा स्वभाव असेल. सोबत टेप आहे. कुणाची ते न सांगता आईला ऐकव.

तुम्हा सगळ्यांची फार आठवण येते गं ताई. एवढं लिहायला सात वर्षं लागली. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
तात्सुरो


हामादा, ६ ऑगस्ट

चि. तात्सुरो,
अ. उ. आ.

टेप आली त्याच दिवशी लावली. आईनं शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, की कुणी पाहुणे आलेत, चहा टाक. मला तिथं उभं राहवेना. आत जाऊन रडून घेतलं, मग तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, पुन्हा लाव. तेव्हापासून रोज लावते.

सोबत बाबांचं पत्र आहे. तीन कागद फाडून झाल्यावर हा चौथा. मी वाचलेला नाही. लवकर ये.

तुझी,
कायोताई


हामादा, ६ ऑगस्ट

चि. तात्सुरो यास अनेक आशीर्वाद.

टेप ऐकली. फटी बरोबर मोजल्या आहेस. पण शेवटी खुणेवर विसंबलासच. एका शाफ्टचं टायमिंग एक दात मागे आहे. दोनदा सांगायला सांगितलं होतं.

चाळीस वर्षांत चुकलेल्या टायमिंगची गाडी मी गॅरेजबाहेर जाऊ दिली नाही. तरी सांगतो, तो दात तिकडे दुरुस्त करू नकोस. तुझ्या आईनं हाच आवाज पाठ केला आहे. काल तांदूळवाल्यावर उगाच चिडली, त्याची गाडी अशी धापा टाकत नाही म्हणून. एका दातानं इंजिन मरत नाही, जोर तेवढा कमी पडतो. घाटात घाई नको. आपला चढ दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश ये. तिला नीट ऐकू येऊ दे.

गाडी वर्षभर टिकणार नाही म्हणालो होतो. ते चुकलं. गॅरेजचा विषय मी काढणार नाही. बोनेट तू आल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघं उघडू.

तुझ्या आईला दिसत नाही, म्हणून संध्याकाळी तिच्याशेजारी मीही फाटकाशी बसतो.

तुझे,
बाबा