देवाच्या मेंढीला मालक पाहिजे

मुक्काम मानेसर, दिल्लीजवळ, पार्सलचं गोदाम
रविवार

तीर्थरूप रावजीमामांच्या पायावर भाचा धनाजीचं डोकं. मामीला नमस्कार. हे पत्र वाचून दाखवणाऱ्या अंकिताला आधीच सांगतो, कंसातलं मोठ्यानं वाचू नको. मी हितं खुशाल हाय. तुमचा गुडघा, मामीची दाढ, काळ्या कुत्र्याचा कान, समद्यांची खबर कळवा. फोन सोडून पत्र कशाला, तर फोनवर तुमी स्पीकर लावता आन शिवप्पाअण्णा शेजारीच बसलेले असतात, त्यामुळं घरातलं बोलणं समद्या तळावर होतंय. सांगोल्याचा निंगप्पा ड्रायवर डाळिंबं उतरवून उद्या परत निघतोय, त्याच्या हाती हे देतो. त्याला चहा पाजा. जेवू घालू नका, बसला की उठत न्हाय.

तर तुमी सांगितलेल्या कामाचं. शिवप्पाअण्णांचा जावई आदिनाथ, जो पंढरपूरच्या लॉजवर खोल्यांच्या चाव्या सांभाळतो, त्यानं गेल्या महिन्यात तळावर येऊन मेंढरं मोजली आन नसता घोळ घातला. तुमची तीन विसा चार, अण्णांची तीन विसाला तीन कमी, बेरीज एकशे एकवीस, आन सांजच्याला जाळीच्या वाघरीत शिरली एकशे बावीस. वरची एक बिरोबाच्या नावानं सोडलेली. तिच्या कानाला कुणाचीच खूण न्हाय आन तिला कुणी आपल्यात मोजत न्हाय, हे आपल्यात शेंबड्या पोराला बी ठावं. पण लॉजवाल्याला प्रत्येक खोलीत गिऱ्हाईक दिसावं लागतंय. त्यो म्हणला, देव काय सही करायला येणार हाय का, ही मेंढी रावजीमामांनीच देवाच्या नावाखाली दाबलीय. आन जावई बोलला की सासऱ्याची जीभ टाळ्याला चिकटते. मग तुमी दोघांनी भंडाऱ्यावर हात ठिवून शब्द दिला की धनाजी मोबाईलवर मोजणी बसवून देईल, मोबाईल सांगंल ते दोघांनी मानायचं, आन ज्याचा आकडा खोटा निघंल त्यानं आपला कळप घेऊन वेगळं व्हायचं. वीस वर्सांची सोबत, मामा, तुमी माझ्या भरवशावर टांगली. (अंकिता, तुझ्या बाला हे आधी मला इचारता आलं नसतं व्हय?)

आता नववीला शाळेची आन माझी फारकत झाली हे खरं, पण प्रोग्राम लिवायला शाळा लागत न्हाय, रिकामा वेळ लागतो, आन गोदामात ट्रक येईपतोर त्योच लई असतोय. व्हिडिओ बघून बघून शिकलो. तीन बटणं केली, रावजी, शिवप्पा आन देव. मेंढरू वाघरीत शिरलं की ज्याचं त्याचं बटण दाबायचं, खाली बेरीज येते. एकच खोड राहिली. भराभर दाबलं की मोबाईल मधनंच एखादा दाब गिळायचा, आन मेंढरं काय रेशनच्या रांगेत आल्यासारखी एकामागं एक येत न्हाईत. म्हणून मी तेवढीच अडचण प्रोग्रामवाल्यांच्या एका साईटवर टाकली. तितं जगभरातले जाणकार फुकट उत्तरं देतात म्हणं. फुकट देतात एवढं खरं हाय.

घटकाभरात एकानं माझा प्रश्नच बंद केला, का तर असाच प्रश्न नऊ वर्सांपूर्वी कुणीतरी इचारला होता. जाऊन बघितलं तर त्यो माणूस लिफ्टच्या बटणापायी रडत होता. आपली मेंढरं कुठल्या मजल्यावर जायची हायेत? दुसऱ्यानं प्रश्न परत उघडला. मला वाटलं दयाळू दिसतोय, पण त्याचं पयल्याशी जुनं वैर होतं. तिसरा म्हणला, ही प्रोग्रामची भाषाच मागासलेली, दुसरीत लिव. (भाकरी करपली तर हे लोक चूल न्हाय, बायको बदला म्हणतील.) चौथ्यानं इचारलं, तू मोजणी एकापासनं का करतोस, शून्यापासनं करायला पाहिजे, आन त्या एका गोष्टीवर चाळीसेक जण असे जुंपले की श्रीपूरच्या कारखान्यावर उसाच्या रांगेत ट्रॅक्टरवाले आन बैलगाडीवाले नंबरावरनं भांडतात ते बी लाजतील. तितं निदान भांडून झाल्यावर ऊस आत जातोय. हितं तीन दिवस मेंढरू हाय तितंच उभं. आन मामा, शून्य मेंढरं असणाऱ्याला आपल्या तळावर काय म्हणतात? पाव्हणा.

मग आला त्यातला सगळ्यात मोठा. खरं नाव कुणी लिवत न्हाय, त्यानं सोताला 'शांत कासव' म्हणवलंय. नावापुढं उत्तरांपायी मिळालेले दोन लाख गुण. एवढ्या गुणांत माणसानं कलेक्टर व्हावं, ह्यो गडी दिवसभर लोकांच्या चुका वेचत बसतोय. त्यानं इचारलं, हे तिसरं बटण कसलं? मी म्हणलं, मालकाचं. त्यो म्हणला, मालक म्हणलं की नाव, पत्ता आन फोन नंबर पाहिजे, नसला तर नोंदच चुकीची. मी लिवलं, देवाला फोन लागत न्हाय, माझा मामा नुसती हाक मारतो. ते विषयाला सोडून हाय म्हणून पुसलं. एकानं इचारलं, ह्या देव नावाच्या माणसाला लॉगिन दिलंय का. एकानं इचारलं, मेंढरांना बारकोड का चिकटवत न्हाय. आन एक म्हणला, बिनमालकाची मेंढी मोजणीतनं काढूनच टाक. ह्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, काढून टाकायला ती काय गोदामातला फुटका माल हाय, तुझ्या आज्यानं तरी मेंढी बघितली होती का? लगेच मला नम्र राहायची ताकीद आली. शांत कासवानं मला आडाणी म्हणलं होतं, पण ते नम्रपणे म्हणलं होतं म्हणून चाललं.

मला राग कशाचा येतोय सांगतो. तुमी अंधारात नुसत्या खोकल्यावरनं वळखता की कुठली मेंढी आजारी हाय. तितं तुमाला एक गुण बी मिळायचा न्हाय, उलट खोकल्याचा पुरावा मागतील. ज्याला ज्याची माहिती हाय त्यानं गप बसायचं, आन ज्यानं कधी लेंडी तुडवली न्हाय त्यानं मेंढरू कसं मोजावं हे शिकवायचं, असली ती पंचायत. आन वर बोलायची तऱ्हा अशी, की आपण उपकार करतोय आन समोरचा वेळ खातोय.

खोटं कशाला सांगू, ती चटक मला बी लागली. कुणा एका नवख्यानं काहीतरी इचारलं. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी म्हणलं, आधी प्रश्न नीट इचारायला शीक. सात जणांनी शाबासकी दिली. उत्तर येत असताना मला एवढी शाबासकी कवाच मिळाली न्हाय.

शेवटी शांत कासवानं माझा समदा प्रोग्राम सोताच्या हातानं नव्यानं लिवून टाकला. त्याला दोनशे जणांनी हात वर केले, बरोबर उत्तराची हिरवी खूण मिळाली, आन प्रश्नाला कुलूप लागलं. माझा मूळचा खाली पडलाय, नापसंतीचे सहा जोडे खाऊन. पडू दे. गुण त्यांच्यापाशी असतील, पण मेंढरांतलं आपल्याला कळतंय. तुमी काळजी करू नका, गुडघ्याला एरंडाचं पान बांधा, आन भाच्याच्या हुशारीवर भरवसा ठिवा.

तुमचा, लांब असून बी तळावरच असलेला,
धनाजी

ता.क. त्या कासवाला मी शेवटी 'लई आभारी हाय' असं लिवलं होतं. तितं आभार मानणं नियमात बसत न्हाय. ते बी पुसलं.

दुसरा ता.क. (अंकिता, शिवप्पाअण्णा जवळ असतील तर पाणी प्यायच्या निमित्तानं हितं थांब.) तुमी म्हणाल आभार कशाचे. त्याच्या प्रोग्राममधी बटण दाब गिळत न्हाय. मी दोनशे वेळा दाबून बघितलं, एक बी गिळला न्हाय. काय केलंय त्याचं मला डोंबल कळलं न्हाय, म्हणून त्याचं समदंच उतरवून घेतलं, माझं पुसलं, आन शुक्रवारी आदिनाथच्या मोबाईलवर धाडून दिलं. पार खालपर्यंत काल वाचलं. त्यात लिवलंय की जिला मालक न्हाय ती मेंढी यादीतल्या पयल्या नावावर टाकायची. आन यादीत पयलं नाव तुमचं. वडील माणसाचं नाव आधी घालायचं म्हणून मीच घातलं होतं. म्हणजे देवाचं बटण कुणी बी दाबा, तुमची तीन विसा पाच.

तिसरा ता.क., आन निंगप्पाला उद्या गाठायची घाई ह्याच्यासाठीच हाय. आदिनाथ अमावास्येला तळावर येणार, चारचौघांसमोर मोजणार, आन भंडाऱ्यावर हात ठिवलाय म्हणून तुमाला ते मानून वेगळं व्हावं लागणार. मी दुरुस्त करायला बसलो तर बटण परत गिळायला लागलं. आता प्रोग्राम चुकलाय म्हणून मी सांगितलं तर भाचा मामाच्या बाजूनं फिरला म्हणतील. तवा अमावास्येच्या आधी तुमीच अण्णांकडं जावा आन सांगा, धनाजीला त्यातलं काय बी येत न्हाय, ते दुसऱ्याचं बघून उतरवलंय, असल्याच्या मोजणीवर वीस वर्सांची सोबत मोडायची न्हाय. अण्णा ऐकणार न्हाईत, कारण फोनच्या स्पीकरवर दोन वर्सं माझ्या हुशारीच्या गोष्टी मीच त्यांना ऐकवल्यात. म्हणून आधी आमच्या घरी जावा. आईच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाला, माझा नववीचा निकाल हाय. गणितात शंभरात अकरा. त्यो अण्णांच्या पुढ्यात ठिवा, आन आदिनाथला मोठ्यानं वाचायला लावा.