न फुटलेलं लिंबू

८ नोव्हेंबर, शनिवार. संकष्टी.
ही डायरी औषधाच्या दुकानात फुकट मिळाली होती. वर्षभर कोरी पडली. उरलेली पानं तरी वाया का घालवायची? शिवाय कंपनीचा इतिहास कोणीतरी लिहून ठेवायला हवा. कंपनी मोठी झाली की लोक विचारतातच, सुरुवात कशी झाली म्हणून.

तर सुरुवात अशी. दहिसरला ह्यांची शेड. आयुष्यभर लोखंडी काम. मॉलमधल्या बर्फाच्या खोलीत मुलं बसतात त्या घसरगाड्या ह्यांच्याच हातच्या. त्या बघून मुलुंडचा अनिरुद्ध आला. त्याची इंजिनांची आणि रबरी पट्ट्यांची फॅक्टरी आहे. म्हणाला, बाळकाका, आपण दोघं मिळून बर्फावरची खरी गाडी काढू, पहाडातल्या वाटांवरून जाईल अशी, हलकी. पुढे स्कूटरसारखं हँडल, खाली दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा फिरतो. ट्रायल पास झाली की भागीदारीचा करार आणि गाडीवर दोघांचं नाव.

हे व्हायलाच हवं. मार्चमध्ये शेड पडणार, तिथे टॉवर येतोय. मग हे घरी बसणार. मागे पाय मुरगळला तेव्हा आठवडाभर घरी होते. मटार सोलायला दिले तर प्रत्येक शेंगेवरून अंगठा फिरवून बघत बसले. पत्रा कुठे वाकलाय ते ह्यांना अंगठ्यानेच कळतं. दिवाळीत कढई आणली ती अंगठा फिरवून दुकानात परत पाठवली. दुकानदारानेही मुकाट्याने बदलून दिली.

संकल्प: धंद्यात ढवळाढवळ करायची नाही. फक्त देवाधर्माचं तेवढं बघायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार
शेडवर डबा द्यायला गेले. गाडी उभी राहिली आहे. पिवळी. मी म्हटलं पिवळा गुरूचा रंग, उत्तम. हे म्हणाले, रंग स्वस्तात मिळाला.

अनिरुद्धची इंजिनियर आली होती, संघमित्रा. गाडी तीच चालवणार. मुलगी हुशार आहे पण बोलते फार. म्हणे ही गाडी बर्फात रुतता कामा नये, सगळं वजन पट्ट्यावर पसरलं पाहिजे, हत्ती चालला तरी मांजर चालल्यासारखं वाटलं पाहिजे. ह्यांना ते फार आवडलं. दोघं हसत होते. ह्यांना इतकं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. भाजीत मीठ कमी होतं तेही बोलले नाहीत.

बर्फ नाही म्हणून ट्रायल मनोरीच्या वाळूवर. गावाची परवानगी अनिरुद्धने काढली.

मी तारीख काढून दिली. ४ डिसेंबर. मार्गशीर्षातला गुरुवार, पौर्णिमा, दत्तजयंती, तिन्ही एकाच दिवशी. असा योग सोडायचा म्हणजे करंटेपणा. ही ढवळाढवळ नव्हे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
पहिला गुरुवार. घट मांडला. नारळ मागच्या वर्षीच्याच दुकानातून, पण लहान निघाला.

संघमित्राचा ह्यांना फोन. पौर्णिमेला भरती भर दुपारी असते, म्हणून ट्रायल पहाटे उरकू. तेव्हा ओली घट्ट वाळू मिळेल. कोरड्या वाळूत गाडी जास्त फिरवायची नाही, खालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या तापतात, त्यांना बर्फच थंड ठेवतं.

पंचांग पाहिलं. गुरुवारी पहाटे यमगंड. नावातच यम. त्याच्यात नवी गाडी सुरू करायची? अभिजित मुहूर्त बाराच्या पुढे. हे म्हणाले, अगं पाणी वर येईल. मी म्हटलं, भरती होडीला लागते, गाडीला काय तिचं?

हे गप्प बसले. म्हणजे पटलं.

३ डिसेंबर, बुधवार
तयारी: हळदकुंकू, हार (झेंडू, घरच्याच कुंडीतला), नारळ, एक लिंबू. एकच घेतलं. वाहनाला चार चाकं म्हणून चार लिंबं लागतात. हिला चाकंच नाहीत. तेवढीच बचत.

हे संध्याकाळभर गाडीच्या घसरपट्टीवरून अंगठा फिरवत होते, असं शेडवरच्या दादूने सांगितलं. दादू वेल्डिंग करतो. म्हणाला, वहिनी, शेठ गाडीशी बोलत होते. मी म्हटलं, माझ्याशी बोलत नाहीत त्यापेक्षा बरं.

उद्या सही. उद्यापासून काळजी मिटली.

४ डिसेंबर, गुरुवार
ट्रायल झाली.

सविस्तर उद्या.

५ डिसेंबर, शुक्रवार. बोरिवलीचं हॉस्पिटल.
इतिहास खरा लिहायचा तर क्रमाने लिहायला हवं.

गाडी टेम्पोतून उत्तनच्या रस्त्याने गेली. आम्ही मार्व्याहून बोटीने. हे पोहोचल्यापासून समुद्राकडे बघत होते. ओली वाळू हळूहळू पाण्याखाली जात होती. मी म्हटलं, बघताय काय, मुहूर्ताला वेळ आहे. बाराला पाणी वरपर्यंत आलं. सुरूच्या झाडांखालची कोरडी वाळू तेवढी राहिली. पण ऊन छान होतं.

पूजा झाली. पूजेला यजमान बसले म्हणजे पहिली फेरी यजमानाचीच. संघमित्राला बाजूला केलं. मी पट्ट्याच्या पुढे लिंबू ठेवलं. ह्यांनी गाडी त्याच्यावरून नेली.

लिंबू फुटलं नाही. वाळूत थोडं दबलं आणि तसंच्या तसं पिवळं वर बघत राहिलं.

संघमित्रा गुडघ्यावर बसली, लिंबू हातात घेतलं आणि चक्क ओरडली. म्हणाली, "काकू, हेच तर हवं होतं." अनिरुद्धने ह्यांना मिठी मारली. म्हणाला, काका झालं, आता चला, सही करून टाकू. कागद गाडीच्या सीटवरच पसरले. हे नुसते हसत होते. खिशातून पेन काढलं.

आता इथे कोणीही माझ्या जागी असतं तर काय केलं असतं? लिंबू न फुटता सही? आमच्या नणंदेच्या रिक्षाचं एक लिंबू घसरून बाजूला गेलं होतं, सहा महिन्यांत रिक्षा गेली. मी फक्त एवढंच म्हटलं की आधी लिंबू फुटू दे. संघमित्राने समजवायचा प्रयत्न केला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पेन परत खिशात ठेवलं. म्हणाले, एक फेरी मारतो, नाहीतर हिला घरी झोप लागायची नाही.

दुसऱ्यांदाही नाही फुटलं. मग ते पर्समध्ये ठेवलं आणि किनाऱ्यावरच्या कॉटेजवाल्या बाईंकडून दुसरं मागून आणलं. कदाचित पहिल्याचं सालच जाड असेल. दुसरं त्यांच्या पायरीच्या सपाट दगडावर ठेवलं. दगडावर फुटणारच. प्लॅस्टिक जळल्याचा वास यायला लागला. संघमित्रा म्हणाली, काका, बंद करा. पण लिंबू फुटल्याशिवाय इंजिन बंद करायचं नसतं, हे मला माझ्या सासूबाईंनी सांगितलंय. लिंबू दगडावरून घसरलं आणि पट्ट्याच्या आत जाऊन अडकलं. हे उतरले. इंजिन चालूच. म्हणाले, थांब, काढतो. आणि हात घातला.

उजवा अंगठा आणि शेजारचं बोट. जोडता येणार नाहीत, डॉक्टर म्हणाले.

पुष्कराजाची अंगठी त्याच बोटात होती. वाळूत सापडली. गुरूचा खडा, गुरुवारीच सापडला. कृपा आहे.

लिंबू मात्र फुटलं.

८ डिसेंबर, सोमवार
घरी आणलं. हे झोपून असतात. पर्समधलं पहिलं लिंबू तसंच टवटवीत होतं. पूजेचं लिंबू खात नाहीत, पण जे फुटलंच नाही त्याने दोष घेतला असं म्हणता येत नाही. आठ फोडी, मीठ, छोट्या बाटलीत. टाकायचं कशाला?

संकल्प: ह्यांना डाव्या हाताने लिहायला शिकवायचं. मॅट्रिकला माझ्या अक्षराला बक्षीस होतं.

११ डिसेंबर, गुरुवार
पाटी आणली. ह्यांनी एक उभी रेघ काढली आणि पाटी उलटी ठेवली. प्रगती आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार
शेवटचा गुरुवार. उद्यापन. सवाष्णी यायच्या होत्या आणि नेमका अनिरुद्ध दारात. हातात तेच कागद. म्हणाला, काकू, ट्रायल तर पास झालीच होती, काकांची सही राहिली तेवढी, डाव्या हाताची चालेल. गाडी पुढच्या आठवड्यात पहाडात न्यायची आहे.

हे गोळी घेऊन नुकतेच झोपले होते. उठवलं नाही. आणि धनुर्मास लागलाय. एवढं सगळं झाल्यावर पुन्हा वाईट महिन्यात करार करायचा म्हणजे देवाची परीक्षा बघायची. मी त्याला स्पष्ट सांगितलं, संक्रांतीनंतर ये. तो बराच वेळ आतल्या खोलीच्या दाराकडे बघत उभा होता. खीर दिली, खाल्ली नाही. चप्पल घालताना म्हणाला, काकांना सांगाल ना?

ह्यांना सांगितलं नाही. उगाच उत्साहात उठून बसतील, टाके ताणतील.

१६ जानेवारी, शुक्रवार
डायरी संपली. मागच्या पानांवर लिहिते आहे, पिनकोडच्या यादीखाली जागा आहे.

संक्रांत झाली. अनिरुद्धला फोन केला, तीळगूळही पाठवीन म्हटलं. उचलला नाही. पुन्हा केला. शेवटी संघमित्राने उचलला. करार डिसेंबरातच दुसऱ्या एका कारखान्याशी झाला. मी म्हटलं, मी तर संक्रांतीनंतर ये म्हणाले होते. ती म्हणाली, "बर्फ थांबत नाही, काकू."

आवाज रडवेला वाटला. सर्दी असेल, तिकडे थंडी फार.

ठीक. एक दार बंद झालं की देव दुसरं उघडतो. ह्यांना इतक्यात सांगणार नाही. दादूने दुसरीकडे काम धरलं, तेही सांगितलेलं नाही. शेडमधलं सामान भंगारवाल्याने नेलं, तेही. हे विचारत नाहीत, म्हणजे मन रमलंय.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी संघमित्राने ह्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. सगळीकडे पांढरं. मधे आपली पिवळी गाडी. संघमित्रा चालवते आहे. समोर बर्फावर एक लिंबू. गाडी त्याच्यावरून जाते, लिंबू तसंच. मग ती ते उचलून दाखवते आणि कंपनीचं नाव येतं. नाव मुलुंडच्या फॅक्टरीचं आणि त्या दुसऱ्यांचं.

मी म्हटलं, बघा, कल्पना माझी. लिंबू मी आणलं होतं. नाव लावायला सांगते.

ह्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. गाडी थांबते तिथे डावा अंगठा काचेवर ठेवत होते, घसरपट्टीवरून फिरवत होते. काचेवर फिरवून काय कळणार.

खाली मेसेज होता, तो मोठ्याने वाचला नाही. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "अनिरुद्ध डिसेंबरात घरी आला होता?"

मी म्हटलं, आला असेल, तेव्हा किती माणसं भेटायला येत होती, कोणाकोणाचं लक्षात ठेवू.

ह्यांनी मोबाइल उलटा ठेवला. म्हणजे विषय मिटला.

जेवायला वरणभात केला, चमच्याने खाता येतो म्हणून. दोन महिने झाले, म्हणून ती छोटी बाटली उघडली. ताटात एक फोड वाढली. ह्यांनी ती चमच्याने उलटीपालटी करून पाहिली आणि ताटाच्या कडेला सरकवली. भात अर्धा ठेवून उठले. उठताना खुर्ची धरायला उजवा हात पुढे केला, मग मागे घेतला.

त्यांच्या ताटातली फोड मीच खाल्ली. कडू लागली. अजून मुरायला हवं.