मोबाईलमधली भिशी

सासूबाई, तुमची भिशी आता मोबाईलमध्ये गेली आहे. छत्रीबागेतल्या बाराही बायकांची. मला अक्षर अजून येत नाही, म्हणून मी बोलते आणि माझी नात लिहिते. ते ॲप तिनेच आणलं. आता हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो आणि एक दिवस उशीर झाला की मोबाईल टणटण वाजत बसतो. कुणाच्या नवऱ्याचा मिलचा पगार अडला की तुम्ही त्या बाईच्या घरी जिरे मागायलासुद्धा जायच्या नाहीत, तिला वाटू नये की वसुलीला आल्या. या यंत्राला तेवढीही लाज नाही.

आणि सोडतीचं तर विचारूच नका. तुमच्या वेळची अजून डोळ्यांपुढे आहे: तुमच्या स्वयंपाकघरात चहा उकळतोय, पितळी डब्यात चिठ्ठ्या आहेत, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणताय, "सुनेला वाचता येत नाही, तीच काढेल. लबाडीचा प्रश्नच नाही." आणि जिला खरी गरज, तिच्या चिठ्ठीत गव्हाचा दाणा गुंडाळलेला. माझी बोटं तो बरोबर हुडकायची. एकदा मी हळूच विचारलं, हे पाप नाही का? "तोंड बंद ठेव, हात आत घाल," म्हणालात. पैसे मिळालेली बाई देवाचे आभार मानायची, तुमचे नाही, आणि तुम्हाला तेच हवं होतं. आपली पाळी मात्र दरवेळी शेवटी. घरच्या बाईने शेवटी घ्यावं, हाही तुमचाच कायदा.

या महिन्यात समोरच्या शिवणवालीला पैसे हवे होते. मोतीबिंदू पिकलाय, सुईत दोरा ओवायला माझ्याकडे येते, म्हणजे बघा! डॉक्टरने तारीख दिली होती. आता ऑपरेशन झालं नाही तर लग्नाचे ब्लाउज हातचे जाणार. पैशाचं ती कुणाला बोलली नाही, पण मला दिसत होतं. मी नातीला म्हटलं, तिचं नाव काढ. "आजी, ते रँडम आहे यार! कोणी छेडछाड करूच शकत नाही." मी म्हटलं, तेच तर दुखणं आहे, कुणीतरी करायला हवी.

रविवारी मोबाईलमध्ये चाक फिरलं, बाजा वाजला, आणि नाव आलं माझं! आता पाळी बदलायची तर सगळ्यांची मंजुरी हवी, आणि कारण सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. म्हणजे त्या बिचारीने आपले डोळे बारा घरांत वाटायचे. पैसे नुसते नेऊन दिले असते तर तिने घेतले नसते. "काकू, उपकार नको," हे तिचं ठरलेलं.

शेवटी मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "अगं, मोबाईलची गलती झाली. नावं उलटसुलट पडली. या महिन्याचं तुझं, तुझ्या पाळीचं माझं." तिने जरासुद्धा शंका घेतली नाही. "हां काकू, मेरा फोन भी ऐसाच करता है. परवा मुलीला लावला तर गॅसवाल्याला लागला!" नातीने पैसे पाठवले, पण तोंड फुगवून. "आजी, हे फ्रॉड आहे." आता तिला काय सांगू, हे आपल्याकडे दोन पिढ्यांचं आहे. ऑपरेशन झालं. देवाने ऐकलं, असं शिवणवाली गल्लीभर सांगते. मी मान हलवते.

हे पत्र तुमच्या फोटोपुढेही वाचायचं नाही, असं नातीला बजावलंय. कारण नाव रविवारी आलं आणि मी शिवणवालीकडे गेले बुधवारी. मधल्या दिवसांत मी एकटीच रिक्षाने सराफ्यात गेले होते. पाटल्या घालून बघितल्या. दुकानदार म्हणाला, "अम्माजी, उतरत नसतील तर साबण आणू?" उतरत होत्या, सासूबाई. मीच उतरवत नव्हते.