बुंडरीची पांढरी स्लिप

३ ऑगस्ट, सोमवार
गाडी नापास.
गॅरेजवाल्या क्लेम प्रिडमोरने गाडी तपासून पास झाल्याची गुलाबी स्लिप द्यायची सोडून नापासची पांढरी हातात ठेवली. पुढच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट झिजलाय म्हणे, आणि एक टायर गुळगुळीत. गाडीचं रजिस्ट्रेशन १६ला संपतं, गुलाबी स्लिपशिवाय ते वाढत नाही. १७ला डब्बो शहराच्या कौन्सिलमध्ये नोकरीचा पहिला दिवस. साठ किलोमीटर, बस नाही. आमच्या घरातली पहिली पदवी, पहिली टेबलाची नोकरी, आणि मध्ये आडवा क्लेम.
कारण उघड आहे. जूनमध्ये मी गावच्या पत्रकात त्याच्या गॅरेजमागच्या तेलाच्या पिंपांवर लेख लिहिला होता. नाव घेतलं नव्हतं. "बुंडरीतलं एकमेव गॅरेज" एवढंच लिहिलं होतं.
"पोरी, चाक निखळेल," म्हणाला. "गुरुवारी ये, मी बसवून देतो. चौदा दिवसांत परत बघायचे वेगळे पैसे नाहीत."
विचार करून सांगते म्हटलं. घरी येईपर्यंत विचार झाला होता. याला सोडायचं नाही.

४ ऑगस्ट
संकल्प: माझ्या गाडीचा एक बोल्टही क्लेमच्या हाताने फिरणार नाही.
डॅडला वाटतं जॉइंट खराब असेल तर खराब असेल. डॅड कुंपणं घालतो. तारेपलीकडे त्याला कशातच कटकारस्थान दिसत नाही. मम म्हणाली, "तुझ्या बाप्तिस्म्याला केक कापायची सुरी त्यानेच आणली होती, टेगन."
म्हणजे संबंध जुने आहेत. नोंद केली.

५ ऑगस्ट, सकाळी ९.१० ते १२
लायब्ररीच्या खिडकीत पाळत. समोरच गॅरेज. पोस्टवाल्या लोर्नाची गाडी पंधरा मिनिटांत पास. माझ्या गाडीला पन्नास लागली होती. भेदभाव आकड्यांनीच सिद्ध होतो.
लोर्नाला गाठून विचारलं, हे तुम्हाला संशयास्पद वाटत नाही का? ती म्हणाली, "माझ्या गाडीत शोधायला आहे काय? चर्चला जाते नि येते. तुझ्यात पन्नास मिनिटं लागली म्हणजे बिचाऱ्याला सापडतच गेलं असेल."
साक्षीदार फितूर.

७ ऑगस्ट
जॉइंट स्वतःच बदलायचं ठरवलं. व्हिडिओतला माणूस वीस मिनिटांत बदलतो. चार तासांत माझं चाक निघालं. आत पाहिलं. मला तरी सगळं ठीक दिसलं. चाक परत बसवलं. जॉइंटची आता निदान ओळख झाली.

८ ऑगस्ट
सापडला!
नियम सकाळपासून वाचत होते. तपासणी मंजूर जागेतच करायची, दुसरीकडे केलेली चालत नाही. आणि क्लेम दर वर्षी आमच्याकडे रविवारच्या जेवणाला येतो तेव्हा आमच्याच शेडमध्ये डॅडची युट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली कामाची गाडी, तपासतो. डॅड टॉर्च धरतो. मग आत येऊन, ग्रेव्ही वाढून घेता घेता, टॅबलेटवर पास करतो. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांदेखत!
सिडनीला परिवहन खात्याकडे सहा पानी तक्रार पाठवली. डॅडचं नाव कुठेही नाही. "एक पांढरी युट, रविवार १२ जुलै, दुपारी पावणेदोन, मटणानंतर" एवढंच. बुंडरीत पांढऱ्या युटा पन्नास तरी असतील. कोण ओळखणार?
हा सूड नाही. सूड असता तर इतका छान वाटला नसता.

११ ऑगस्ट
सिडनीहून खात्यातल्या बाईंचा फोन. फार सभ्य. मी पारदर्शकतेबद्दल बोलले. त्यांनी विचारलं, आणखी काही पुरावा? मी म्हटलं, पुडिंगचा फोटो आहे, मागे टॅबलेट दिसतो. त्यांनी पाठवायला सांगितला.

१३ ऑगस्ट, गुरुवार
विजय. निळ्या शर्टातले दोन अधिकारी डब्बोहून आले. क्लेमने काहीच नाकारलं नाही. तपासणीचा अधिकार महिनाभर बंद.
एक बारीक गोष्ट. पांढऱ्या युटा पन्नास असल्या तरी वर्षभरात रविवारी तपासलेली एकच निघाली. तिची स्लिप रद्द. डब्बोला पुन्हा तपासेपर्यंत चालवायची नाही.
डॅडने कागद दोनदा वाचला. "पावणेदोन," म्हणाला. "वेळसुद्धा लिहून ठेवलीस." मग शेडमध्ये गेला. उद्यापासून त्याचं नदीपलीकडे कुंपणाचं काम होतं.
मम म्हणाली, "शाबास. शिकवलं ते वाया गेलं नाही." तिचा सूर नीटसा कळला नाही.

१४ ऑगस्ट
क्लेमचा अधिकार गेला म्हणजे माझी फेरतपासणीही गेली. हे सहा पानांत यायला हवं होतं.
आता ज्याला स्लिप हवी त्याने डब्बोला जायचं. पोस्टात लोर्ना म्हणाली, "माझ्या बहिणीच्या गाडीची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तिला दिसत नाही धड. तू नेशील ना, बाळ? तूच तर व्यवस्था केलीस." आज असं म्हणणारी ही तिसरी.
क्रांतीला सुरुवातीला विरोध होतोच.

१७ ऑगस्ट, सोमवार
डॅडने क्लेमला फोन केला होता. मला न विचारता. पहाटे क्लेमचा टो ट्रक दारात. युट वर चढवली, माझी गाडी मागे जोडली. केबिनमध्ये तिघं, मी मधोमध, ऑफिसच्या नव्या स्कर्टमध्ये.
मी उत्तरं तयार ठेवली होती. वीस किलोमीटरवर क्लेम म्हणाला, "तू लिहिलंस ते खरं होतं. तपासणी गॅरेजातच करायला हवी होती. रॉसचा, तुझ्या डॅडचा, कामाचा एक दिवस मोडू नये म्हणून मी आळस केला." मी स्कर्टची घडी सरळ केली. डॅड बाहेर बघत होता.
डब्बोत युट पंधरा मिनिटांत पास. तिथल्या माणसाने डॅडला विचारलं, हिची देखभाल कोण करतं? डॅडने अंगठा क्लेमकडे केला.
माझ्या गाडीचं डावं चाक त्या माणसाने हाताने हलवलं आणि आतून आणखी दोघांना बघायला बोलावलं. पांढरी स्लिप. क्लेमच्याच दोन ओळी, आणि तिसरी नवीन: चाकाचे नट ढिले.
"हे कोणी बसवलं?" त्याने विचारलं. क्लेम म्हणाला, "आमच्या गावातच बसवलंय."
१०.४०ला ऑफिसच्या दारात टो ट्रकमधून उतरले. साहेब खिडकीत उभे होते.
क्लेमचा तपासायचा अधिकार बंद आहे, दुरुस्तीचा नाही. मी ट्रकच्या खिडकीशी परत जाऊन विचारलं, माझा जॉइंट बसवाल का? त्याने पाठकोऱ्या कागदावरची, नंबर लावलेल्यांची नावं पाहिली. "हा गुरुवार भरला. पुढचा देतो. तोवर रोज गावच्या गाड्या तपासायला घेऊन इथे यायचंच आहे मला. साडेसहाला पेट्रोल पंपापाशी उभी राहा."
उद्या केबिनमध्ये माझ्या शेजारी लोर्नाची बहीण बसणार आहे. तिला वळणावर गाडी लागते.