बिबट्यांसाठी माळ

माळेवाडी, ता. पाथर्डी
९ फेब्रुवारी २०२५

चि. पूजा हिस आईचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं बरंय बरंय म्हणतीस आणि ठेवून देतीस, म्हणून कागद घेतला. कागदावर तू खरं लिहितीस.

आमी इकडं खुशाल हाय. म्हशीला रेडी झाली, अगदी तुझ्यासारखी हट्टी, हाताला लागत न्हाई. पण गावात सध्या तुझं नाव लई निघतंय. आपल्या गायरानावर सरकारी मानसं खांब रोवून गेली. तिथं बिबट्यांचं उद्यान होनार, अशी पाटी लागली. ग्रामसभेत साहेब बोलून गेले, की जागा ठरवायच्या कमिटीत तुमच्याच गावची जनावरांची डॉक्टरीण हुती. तवापासून मी नळाला गेले की बाया बोलायच्या थांबतात.

तुझे छगन नाना सभेतच उठले. म्हणाले, माझ्या शेळ्यांनी काय आता खांब चाटायचे? वाटेत मला गाठून म्हणाले, वहिनी, पूजाला कॉलेजात सोडायला मी गेल्तो, आणि तिनं माझाच माळ दाखवून दिला. सख्खा दीर, पण त्या दिवसापासून आपल्या ओट्यावर चढला न्हाई. तुझी बायडाकाकी तेवढी नवऱ्याला चुकवून मागल्या दारानं येते, ताक नेते.

लोक विचारतात, मानसांना टँकर आणि बिबट्यांना तळं, व्हय? मी काय सांगू? आणि एक खरं सांग. ती जनावरं बाहेर येनार न्हाईत ना?

वेळेवर जेवत जा. आईला विसरली न्हाईस एवढं दोन ओळीत कळव.
तुझी आई, मालन


प्राणिसंग्रहालय वसाहत
२ मार्च २०२५

ती. आईस पूजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आई, साहेब बोलले ते खरं आहे. माळेवाडीचा माळ चांगला, असं मीच सांगितलं. बाकीच्या दोन्ही जागा उसाच्या पट्ट्यात होत्या. तिथं बाहेरचे बिबटे आधीच फिरतात. आतल्यांच्या वासानं ते कुंपणाशी आले असते आणि गावाला जास्त धोका झाला असता. आपल्याकडे ऊस नाही, माळ उघडा आहे.

नानांना सांग, शेळ्यांची पाझर तलावाकडे जायची वाट मी नकाशात कुंपणाबाहेर ठेवायला लावली आहे. उद्यानाचं तळं पावसाच्या पाण्यावर भरायचं, गावाच्या विहिरीला हात लावायचा नाही, हेही लेखी घेतलं आहे. ते ऐकणार नाहीत, तरी सांग.

इथली अवस्था बघितलीस तर तूच म्हणशील, लवकर न्या यांना. श्रीगोंद्याकडून, पारनेरकडून पकडलेले बिबटे येतच राहतात. पिंजरे जुने, आजोबांच्या काळातले. एकाच्या जागेत दोन ठेवावे लागतात. शेवंता नावाची मादी आहे, ऊसतोडीत पिल्लू असताना सापडलेली. तिच्यासोबत एक म्हातारा नर आहे. त्याला मोकळं फिरता यावं म्हणून ती दिवसभर कोपऱ्यात अंग चोरून बसते.

तू विचारलंस, बाहेर येतील का. नकाशात बिबट्यांच्या प्रत्येक घराला एकामागे एक असे दोन दरवाजे आहेत. एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. ते दोन्ही असतील तर नाही येणार.

रेडीचं नाव माझ्यावरून ठेवू नकोस म्हणजे झालं. माया आहेच, ती अशीच मिळत राहो.
तुझी, पूजा


माळेवाडी
२४ जुलै २०२५

चि. पूजास आशीर्वाद.

काल बायडासंगं गवताला गेल्ते, तवा उद्यान बघून आले. भिंती झाल्या, झाडं लावली. पण पूजा, दरवाजा एकच हाय! दुसऱ्याच्या जागी नुसती ताडपत्री बांधलीय. कंत्राटदाराच्या मानसाला विचारलं. तो म्हणाला, पुढाऱ्यांनी उद्घाटनाची तारीख दिलीय, दुसरा मागनं बसवू. डॉक्टरीणबाईंची सही झाली की जनावरं येतील.

बायडाच्या शेळ्यांची वाट त्या ताडपत्रीला खेटून जाते. मला घास गोड लागंना. सही कर असं म्हणवत न्हाई, आणि करू नको म्हणावं तर तुझी नोकरी. तू काय करतीयस, कुणी दमात घेतं का, काय कळत न्हाई. लवकर लिही.
आई


प्राणिसंग्रहालय वसाहत
१९ ऑगस्ट २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

सही केलेली नाही. साहेबांनी आधी चहा पाजला, समजावलं. मग म्हणाले, एका दरवाज्यासाठी तुम्ही सगळं अडवताय. शेवटी बदलीचं बोलले. मी म्हणाले, करा.

पण आज लिहायचं ते वेगळंच आहे. इथं पंधरवडाभर झड लागली आहे. पिंजऱ्यांत ओल आली, छतं गळतात. शेवंतासोबतचा म्हातारा नर खोकत होता. इंजेक्शनं दिली, शेगड्या लावल्या. काल तो गेला. शवविच्छेदन मीच केलं. फुप्फुसं भरली होती. महिन्यापूर्वी सही केली असती तर तो आपल्या माळावरच्या कोरड्या हवेत असता. हे मला कुणी बोललं नाही. साहेबांनी फक्त तीच फाइल पुन्हा समोर ठेवली.

आई, बरोबर केलं का चूक, मला कळत नाही. शेवंता अजून कोपऱ्यातच बसते, सगळी जागा रिकामी असून. तिच्याकडे बघितलं की पेन उचलावंसं वाटतं. मग त्या वाटेनं जाणारी बायडाकाकी दिसते, आणि मी पेन ठेवते.

नानांना यातलं काही सांगू नकोस. उपकार केल्यासारखं वाटेल.
तुझी, पूजा


माळेवाडी
११ जानेवारी २०२६

चि. पूजास अनेक आशीर्वाद.

तू दुसऱ्या खेपेच्या जनावरांसाठी तिकडं थांबलीस, म्हणून इकडं काय झालं ते सगळं लिहिते. बातम्यांवर जाऊ नकोस.

उद्घाटन रिकाम्या उद्यानाचंच झालं, हे तुला ठाऊकच हाय. पोरं जाळीला नाक लावून विचारत हुती, बिबट्या कुठाय? छगन भावजी मोठ्यानं हसले. मग कंत्राटदाराच्या मानसानं चिडून सांगितलं, की तुमच्या पुतणीनं अडवलंय, दुसरा दरवाजा पाहिजे म्हणते. ते हसायचे थांबले. मी एक शब्द बोलले न्हाई. तुझी शपथ.

मग दुसरा दरवाजा बसला, तुझी सही झाली, आणि काल शेवंता आली. पिंजऱ्यातून तिला खोलीत घेतलं आणि आतला दरवाजा लोटताना तो रुळावरनं घसरला. ती थेट दोन दरवाज्यांमधल्या बोळात आली आणि दुसऱ्या दरवाज्यावर आपटली. तो आवाज आपल्या घरापर्यंत आला गं. बायडा तवा पलीकडच्या वाटेवर हुती. शेळ्या चौखूर उधळल्या आणि ती जागेवरच खाली बसली. पण दरवाजा हालला न्हाई. शेवंता माघारी वळली, खोलीत शिरली. मानसांनी दार नीट केलं. कुणाला खरचटलं सुद्धा न्हाई.

भावजी पळत आले, बायडाला हाताला धरून उठवलं आणि तिला घेऊन सरळ आपल्या ओट्यावर चढले. पानी प्याले. म्हणाले, वहिनी, पूजाला लिहा... उपरण्यानं तोंड पुसलं.

आज तिला कुंपणातल्या माळावर सोडायचं हुतं. आमी तिघं जाळीबाहेरनं बघायला गेल्तो. बायडाला नको म्हणलं तरी ती आली. खोलीचं माळाकडलं दार उघडलं, पण शेवंता उंबऱ्याशीच बसून राहिली. तिला सांभाळनारा मानूस म्हणाला, हिनं पिल्लू असल्यापासनं फरशीशिवाय कशावर पाय ठेवला न्हाई, घाबरतीय. एक पंजा बाहेर टाकायची आणि चटका बसल्यागत मागं घ्यायची. मला तिची भीती वाटायची, ती कुठं गेली कळलं न्हाई. नुसतं वाटत हुतं, ये बाई, ये बाहेर.

दिवस कलायला लागला, तवा तिनं दोन्ही पाय मातीवर ठेवले. नाक खाली घालून लई वेळ माती हुंगली. भावजींना खोकला आला, तर बायडानं त्यांच्या तोंडावर हात दाबला. आमी हालत सुद्धा न्हवतो. मग ती आख्खी बाहेर आली.

जिवाला जप. तुझ्या वाटेकडं डोळे लावून हाय, तिघं बी.
तुझी आई, मालन